हिऱ्याचं चाक आणि पोलादाचं पातं

आमच्या धार लावायच्या कारखान्यात एक कारागीर होता. नोकरी एकतीस वर्षं, शाळा पाचवीपर्यंत. तरी सगळे त्याला मास्तर म्हणत, कारण तो भेटेल त्याला शब्द शिकवायचा. शब्द एकच, हिरा; भाषा पाच-सहा.

हिऱ्याची भुकटी लावलेली चाकं परदेशातून यायची. खोक्यांवरचे कागद मास्तर वहीत चिकटवायचा. फ्रेंच दियामाँ, इटालियन दियामान्ते, फिनिश तिमान्ती, हंगेरियन ग्येमांत, रशियन अल्माझ. वाचनालयातल्या बाईंनी सांगितलं, ही सगळी एकाच ग्रीक शब्दाची पोरं: अदामास, म्हणजे कुणालाही न जुमानणारा. त्या दिवसापासून मास्तरचे पाय जमिनीला लागेनात.

बायको म्हणायची, "घरातलं मीठ संपलंय, हे एका भाषेत तरी लक्षात ठेवा."

मग बसून चालवायचं नवं मशीन आलं. मास्तरचे गुडघे गेले होते, निवृत्तीला दोन वर्षं होती. ते मशीन त्याला हवंच होतं. मालकांनी कागद कापायचं लांब पातं पुढे ठेवलं. "संध्याकाळपर्यंत नीट करून दाखवा. मशीन तुमचं."

मास्तरने हिऱ्याचं चाक मागितलं. सामानाची खोली सांभाळणारी वहिनी म्हणाली, "अहो, पातं पोलादाचं आहे. पोलादाला पांढरं चाक. तुम्हीच शिकवलंत."

"अदामास आहे तो, वहिनी! पोलादाची काय टाप?"

तापलेलं पोलाद हिऱ्याला खातं. हे मास्तरला माझ्या दहा वर्षं आधीपासून ठाऊक होतं. अर्ध्या तासात चाक गुळगुळीत झालं आणि पात्याची कड निळी पडली. निळी कड म्हणजे नरम कड.

"शेवटी जुमानलंच की पोलादाला," वहिनी म्हणाली.

मास्तरने हिऱ्याचं चाक उतरवलं. पांढरं चाक चढवलं. निळं सगळं जायला हवं, पण पातं पुन्हा तापता कामा नये. म्हणून एका फेरीत केसभर, मग पाणी, मग पुन्हा केसभर. पाच तास, उभ्याने. जेवला नाही. शेवटची धार दगडावर हाताने काढली. मी शेजारीच होतो. त्याने एकही फेरी चोरली नाही.

मालकांनी कागद कापून पाहिला. मग झिजलेलं चाक पाहिलं.

"मशीन तुमचं. पण चाक कुठलं लावायचं ते वहिनी ठरवतील."

पुढची दोन वर्षं मास्तरने बसून काम केलं. फक्त रोज सकाळी सामानाच्या खिडकीशी रांगेत उभं राहावं लागे.

"घासायचं काय?" वहिनी विचारायची.

"पोलाद."

"मोठ्याने, मास्तर. मागच्यांना ऐकू आलं नाही."