निम्म्या वेगाची शर्यत

चाकणच्या एका कंपनीत सेकंद वाचवणं हे माझं काम आहे. कामगाराच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं, त्याला बोल्ट उचलायला तीन सेकंद लागत असतील तर पेटी जवळ सरकवून ते दोनावर आणायचं. या कामात माझं नाव बरं आहे. मी दिसलो की लाइनवरचे लोक चहाचा कप खाली ठेवतात, यावरून काय ते समजावं.

गेल्या वर्षी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पॅरालिसिसचा झटका आला. भोसरीच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ मशीन चालवलेला उजवा हात मांडीवर पडून राहिला. फिजिओथेरपीच्या बाईंनी स्पंजचा चेंडू दिला आणि रोज दाबा, नाहीतर हात असाच राहील, असं बजावलं. अण्णांनी चेंडू खिडकीत ठेवला. "बारक्या पोरांचं खेळणं हाय हे," म्हणाले. मी घाबरलो होतो. आईला सांगितलं नाही, तिची काळजी तिला पुरेशी होती.

अण्णांना नाद एकच. निवृत्तीनंतर ते घरच्या कॉम्प्युटरवर मोटारींची एक जुनी शर्यत खेळायचे. आता टेबलाशी बसणं जमेना, म्हणून मी ती मोबाइलवर चढवली. मोबाइलची चिप कमी बॅटरीत भागवणारी, तिची भाषाच वेगळी. मध्ये एक ॲप बसतं आणि कॉम्प्युटरसाठी लिहिलेला एकेक हुकूम तिला कळेल अशा भाषेत करून सांगतं. हा दुभाष्या प्रामाणिक होता, पण त्याला घाई नव्हती. गाड्या वरातीतल्यासारख्या निघाल्या. कॉम्प्युटरवर दीड मिनिटात होणारी फेरी इथे तीन मिनिटं चालली.

अण्णांनी तक्रार केली नाही. डाव्या हाताने उजवा हात उचलून अंगठा काचेवर ठेवला. दीड महिन्यात तो अंगठा आपला आपण उचलायला लागला, आणि एका गुरुवारी, सुट्टी म्हणून मी घरी असताना, अण्णा शर्यतीत तिसरे आले. आईने शिरा केला.

मला मात्र ती तीन मिनिटं बघवेनात. पंधरा दिवस सेटिंग बदलत बसलो. चित्र बारीक केलं, झाडांच्या सावल्या काढून टाकल्या, प्रत्येक बदलाची वेळ वहीत लिहिली. शेवटी फेरी एक मिनिट बत्तीस सेकंदांवर आली. स्वतःवरच खूश होऊन मी मोबाइल अण्णांच्या हातात दिला.

पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर गेली. दुसऱ्यांदाही, तिसऱ्यांदाही. अण्णांनी मोबाइल उशीखाली सारला आणि चार दिवस बाहेर काढला नाही. हात पुन्हा मांडीवर.

"अण्णा, आता तर ओरिजिनल स्पीड आहे. जरा सराव करा की," मी म्हणालो.

त्यांची जीभ अजून जड होती, शब्द सावकाश यायचे. "आमच्या वर्कशापमधी बी एक साहेब यायचा. दर वक्ताला चार सेकंद कमी करून जायचा. मानूस चांगला व्हता. हाताकडं तेवढं कधी बघायचा न्हाई."

मला लाज वाटली. तिथेच बसून सगळ्या सेटिंग मागे नेल्या. फेरी पुन्हा तीन मिनिटांची झाली. अण्णांनी एक फेरी मारून पाहिली.

"आजून जरा हळू व्हतंय का बघ," ते म्हणाले.

नोकरीला लागल्यापासून माझ्याकडे ही मागणी कोणी केली नव्हती. करायची हिंमत झाली नसेल.