मांजर आणि बाहेरचं कुलूप

मांजर घरी आली तेव्हा मला उठून दारसुद्धा उघडता येत नव्हतं. दिग्रसच्या बाहेर, गिट्टी सांडलेल्या वळणावर माझी मोटारसायकल घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. उजवा पाय मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. सगळी उमर एसटीत कंडक्टरकी केलेला मी माणूस. गाडी रिकामी असली तरी दाराशी उभा राहणारा. आता पुढच्या खोलीतल्या लोखंडी पलंगावर आडवा पडून होतो.

पोरगी यवतमाळला शिकते. तिथं तिच्या मैत्रिणी जखमी, सोडून दिलेल्या जनावरांची काळजी घेतात. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका बंद गोदामात ही मांजर अडकली होती. शटर खाली, आत पाण्याचा थेंब नाही. ओरडून ओरडून तिचा आवाज गेला होता. पोरींनी तिला बाहेर काढली, डॉक्टरला दाखवली, पण ठेवायला कोणी तयार होईना. मग माझ्या पोरीनं हात वर केला. भाजीच्या कॅरेटवर दुसरं कॅरेट उलटं बांधून ती तिला एसटीनं घेऊन आली.

"मले विचारलं काहून नाही?" मी म्हणालो.

"विचारलं असतं तर तुमी नाहीच म्हटलं असतं, बाबा."

तिनं सुतळी सोडली. राखाडी रंगाची, एक कान फाटलेली मांजर कॅरेटमधून सुटली ती थेट माझ्या पलंगाखाली, भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

"आता हिले याच खोलीत ठेवा लागन," पोरगी म्हणाली. "दार उघडं दिसलं का पळते, अन् मग सापडत नाही. घराची सवय होईपर्यंत दार उघडं ठेवू नोका."

"अन् मले हवा?"

"कूलर हाय नं."

दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती, ती निघून गेली. बायकोचं स्टँडजवळ पिको-फॉलचं दुकान आहे. लग्नसराई होती, दुकान बंद ठेवणं शक्य नव्हतं. सकाळी ती पाण्याची बाटली, डबा, लघवीचं भांडं आणि फोन माझ्या हाताशी ठेवायची, मांजरीचं दूध कोपऱ्यात ठेवायची, तिच्या घाणीसाठी ठेवलेलं वाळूचं घमेलं बघायची आणि निघायची. आधी ती दार अर्धवटच लोटून जायची. गल्लीतलं येणंजाणं दिसायचं. समोरचे म्हातारे काका उंबरठ्यावर बसून तंबाखू मळत मळत गावाच्या बातम्या सांगायचे. मांजर आल्यापासून दार बंद आणि बाहेरून कुलूप. काका पहिल्या दिवशी आले, कुलूप हलवून पाहिलं आणि खिडकीच्या जाळीतून म्हणाले, "असं कोणी माणसाले कोंडून ठेवते का गा?" मग तेही येईनासे झाले.

बायकोला मी दोनदा म्हणालो, मांजर परत पाठवू. ती म्हणाली, "पोरीनं इतक्या जिवानं आणली. तुमी तर पडूनच हाय. तुमाले काय तरास हाय तिचा?"

स्टँडवर पुसदची गाडी मागं घेताना कंडक्टरची शिट्टी घरात ऐकू यायची. शिट्टी चुकली की माझा हात आपोआप छातीवर जायचा, जिथं माझी शिट्टी लटकलेली असायची. प्लास्टरच्या आत खाज सुटायची आणि तिथवर बोट पोचायचं नाही. भिंती जवळ येतात असं लोक म्हणतात ते मला आधी खोटं वाटायचं. त्या दिवसांत कधीकधी मला मोठ्यानं ओरडावंसं वाटायचं, पण ओरडून सांगणार काय, तेच कळायचं नाही.

मांजर पलंगाच्या वर यायची नाही आणि मला खाली वाकता यायचं नाही. मी दाढीचा आरसा हात लांबवून खाली धरायचो, तेव्हा अंधारात दोन डोळे दिसायचे. दुपारी मी झोपलो असं वाटलं की ती निघायची आणि दार ओरबाडायची. तोंड उघडायची, पण घशातून नुसती हवा यायची. ते ऐकवायचं नाही.

"मले कायले सांगून राह्यली?" मी म्हणायचो. "किल्ली माह्याजवळ नाही."

माझा आवाज आला की ती पुन्हा पलंगाखाली.

अशाच एका दुपारी लाइट गेली. ऊन असं होतं, की खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. कूलर बंद पडला. सकाळी बायकोनं पाणी भरताना त्याची बाजूची वाळ्याची ताटी नीट लावली नव्हती, नुसती टेकवून ठेवली होती. मांजर पलंगाखालून निघाली, कूलरजवळ गेली, ओल्या वाळ्याचा वास घेतला आणि ताटी ढकलून आत शिरली. मागून ताटी पुन्हा टेकली.

पहिल्यांदा मला बरंच वाटलं. गारव्याला बसली असेल. मग ध्यानात आलं, की कूलरचं बटन चालूच आहे. जुना कूलर, आतल्या बाजूनं पंख्याला जाळी नाही. लाइट आली की पातं फिरणार.

बायकोला फोन लावला. शिलाई मशीनच्या आवाजात तिला कधीच ऐकू येत नाही. पोरीला लावला.

"बाबा, बटन बंद करा ना!"

"बटन भिंतीवर हाय. मी पलंगावर हाय."

ती रडायलाच लागली. मी फोन ठेवला.

काकांना हाका मारल्या. गल्ली झोपलेली होती. शेवटी दोन्ही हातांनी प्लास्टर उचलून मी पाय पलंगाबाहेर सोडला आणि स्वतःला खाली घसरू दिलं. पायात अशी कळ गेली, की डोळ्यांपुढं काही दिसेना. भांडं लवंडलं. त्यातूनच कोपरांवर सरकत गेलो. खोली केवढीशी, पण ती संपेना. बटन वर होतं, हात पोचेना. कूलरची वायर मात्र खाली लोंबत होती. ती मुठीत धरली आणि ओढली. पिन निघून माझ्या डोक्यावर पडली.

लाइट थोड्या वेळानं आली. छताचा पंखा फिरायला लागला. कूलर गप्प होता. मी ताटी बाजूला केली आणि तिथंच पडून राहिलो, कारण परत चढणं माझ्या हातचं नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. पोट भिजलेलं, मिशीला वाळ्याची काडी. माझ्या अंगावरून तिला जाता आलं असतं. ती वळसा घालून गेली. थोड्या अंतरावर बसून पंजा चाटू लागली. मी हललो नाही. तिनं मला एकदा नीट पाहिलं आणि चाटणं चालू ठेवलं.

बायको आली तशी दारातच ओरडली. "अवो! खाली काहून पडले?"

"आधी दार लाव," मी म्हणालो.

पुढच्या एक्सरेत डॉक्टर म्हणाले, हाड अजून नीट धरलं नाही, प्लास्टर वाढवावं लागेल. त्या दुपारच्या सरपटण्यामुळंच का, हे ते बोलले नाहीत. बायको बोलली. रोज बोलली.

परीक्षा संपवून पोरगी आली. मांजर तोवर खोलीभर फिरू लागली होती, माझ्या प्लास्टरला अंग घासायची. एका सकाळी पोरगी म्हणाली, "आता हिले सोडून पाहू," आणि दार सताड उघडलं. गल्लीतला उजेड थेट पलंगापर्यंत आला. मांजर उंबरठ्यावर बसली, दोन्ही बाजूंना पाहिलं, समोरच्या भिंतीवर चढली आणि पलीकडं गेली.

"येईन थे परत, बाबा."

मी मान हलवली. त्या दिवशी काका पुन्हा येऊन बसले, पण त्यांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. मी भिंतीकडं पाहत होतो. ती यावी असं वाटत होतं; आणि खरं सांगायचं तर, ती गेली याचा रागही येत होता. तिला कोणी उचलून नेलं नव्हतं, बाहेर जायला माझ्यासारखा कोणाचा खांदा लागला नव्हता.

दिवेलागणीला ती आली, पाठीला कुठलंसं जाळं चिकटवून. पलंगावर उडी मारली आणि माझ्या चांगल्या पायाशी झोपली. आता मला कूस बदलायची होती, पण ती उठेल म्हणून मी तसाच पडून राहिलो.