समुद्राची तालीम मामा तलावात

समुद्रप्रवासावर लिहायला बसलोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. चामोर्शी तालुक्यातल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कॉलेज सुटलं की चंद्रपुरातल्या एका छोट्या टूर ऑफिसात काम करतो आणि तिथे लोकांना क्रूझची तिकिटं काढून देतो. ज्यानं लाट पाहिली नाही त्यानं समुद्राबद्दल काय बोलावं, असं मलाही वाटतं. पण आमच्या बॉस वर्षाताई म्हणाल्या, "तूच लिही. तुळशीरामभाऊंनी डोकं तुझंच जास्त खाल्लंय."

तर तुळशीरामभाऊ माझ्या टेबलासमोर बसले होते.

"बाबू, हे जहाज डुबलं तं?"

"नाही डुबत, भाऊ."

"तुले काय मालूम? तू बसला का कधी?"

त्यांच्या शेजारी त्यांची बायको, कौसाबाई, पदर तोंडाला लावून हसत होती.

भाऊ पोंभुर्ण्याचे. वनरक्षक म्हणून रिटायर झालेले. सारी नोकरी जंगलात पायी हिंडण्यात गेली. मागच्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी करून आत स्टेंट नावाची बारीक जाळी बसवली होती. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीनं आईबापासाठी मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलं होतं. हट्ट मात्र कौसाबाईचा.

"धानाची रोवणी करून करून जलम चिखलात गेला," त्या म्हणाल्या. "पाणी नेहमी गुडघ्याले. एकदा तरी पाणी खाली अन् मी वर पाह्यजे."

भाऊंनी नाही म्हटलं असतं तर त्या एकट्या गेल्या नसत्या. त्यांचा समुद्र भाऊंच्या भीतीवर अडला होता. आणि भाऊंची भीती रोज नवीन असायची.

"भाऊ, तुम्ही वाघाच्या जंगलात ड्युटी केली. तेव्हा नाही भ्याले?" मी एकदा धीर करून विचारलं.

"वाघ आपल्या ओळखीचा हाय. तो समोर आला तं काय करायचं, मले मालूम हाय. लाट समोर आली तं काय करू? झाडावर चढू?"

"काही होत नाही, भाऊ," मी म्हणालो. ते उठून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन शंका घेऊन आले.

वर्षाताईंनी मला आत बोलावलं. "काही होत नाही, असं आपण म्हणायचं नाही. आपण काय देव आहोत का? काय होऊ शकतं आणि झालं तर काय करायचं, ते सांग."

मग मी तसं सांगायला लागलो. जहाजावर डॉक्टर असतो, लहानसा दवाखाना असतो. पण तिथे हृदयाचं मोठं ऑपरेशन होत नाही. म्हणून निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारायचं. रोजच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकायच्या नाहीत, जवळच्या पिशवीत ठेवायच्या. विम्यात स्टेंटचं लपवायचं नाही, नाहीतर ऐनवेळी विमा असून नसल्यासारखा. आणि मस्टर ड्रिल चुकवायचं नाही. मस्टर ड्रिल म्हणजे जहाज सुटताना सगळ्यांना लाईफ जॅकेट कसं घालायचं आणि गडबड झाली तर कुठे जमायचं हे दाखवतात, ते.

भाऊ मन लावून ऐकत होते. वाईट काय होऊ शकतं ते स्पष्ट कळल्यावर त्यांचा चेहरा उलट सैल झाला. मला नवल वाटलं.

"म्हणजे जंगलासारखंच हाय," ते म्हणाले. "वणवा अडवाची फायर लाईन कुठी हाय ते आधी पाहून ठेवा लागते."

एकच शंका उरली. बोट लागण्याची. जहाज हलतं तसं मळमळतं, डोकं गरगरतं, त्याला बोट लागणं म्हणतात. मी त्यांना जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावरची केबिन सुचवली, कारण तिथे हलणं कमी. त्यावरची गोळी तुमच्या बाकी गोळ्यांसोबत चालेल का, ते डॉक्टरला विचारा म्हणालो.

"गोळीचं मागून पाहू. आधी लागते का नाई ते पाहतो."

"कसं पाहणार?"

"तलावात."

आमच्या भागात मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळातले जुने तलाव आहेत, माजी मालगुजारी म्हणून त्यांना मामा तलाव म्हणतात. भाऊंच्या ओळखीचा एक ढिवर तिथे मासे धरतो. त्याच्या डोंग्यात बसून समुद्राची तालीम करायची, असं ठरलं. मी घरी जाऊन एकटाच हसलो.

दोन दिवसांनी दोघं ऑफिसात आले. भाऊ छाती काढून.

"बाबू, पास झालो! डोंगा असा हलवाले लावला, असा हलवाले लावला, का त्या ढिवरालेच मळमळलं. मले काईच नाई."

"अन् बाई?"

"हिले आली चक्कर. डोंग्यात बसाच्या आधीच. तलावाच्या पाळीवरच बसली खाली."

"उपास होता माहा," कौसाबाई फटकन म्हणाल्या. "हा बुढा भलत्याच गोष्टी सांगून राह्यला."

"उपास आज होता का? आज जिना चढताना काऊन थांबली?"

मी हसत होतो. वर्षाताई हसल्या नाहीत. त्या टेबलाशी आल्या. "बाई, शेवटचं कधी तपासलं?"

"मले काय झालं तपासाले? आजारी तं हा हाय."

भाऊंची तपासणी ठरलेलीच होती. ताईंनी बाईंनाही सोबत न्यायला लावलं. भाऊ हृदयाच्या तपासणीत पास झाले. बाईंचं बीपी डॉक्टरांनी दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही. इतकं वाढलेलं. आत्ता प्रवास नाही, म्हणाले. आधी गोळ्या, मग पाहू.

कौसाबाई ऑफिसात आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं. "मी नाई जात. रद्द कर, बाबू. रस्त्यात काई झालं तं? अन् ते गोळी एकदा लागली का सुटत नाई म्हणते."

आजवर ज्या सगळ्यांना हसत होत्या, त्या बाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊच बोलले.

"मी रोज किती गोळ्या खातो? मेलो का? रद्द गिद्द काई नाई. बाबू, तारीख पुढं ढकल. अन् हिले ते मस्टर ड्रिल समजावून सांग. का मीच सांगू?"

त्यांनीच सांगितलं. लाईफ जॅकेटची गाठ कशी मारायची ते स्वतःच्या दुपट्ट्यावर करून दाखवलं. शेवटी बाई हसल्या.

तारीख पुढे गेली. बीपी खाली आलं. डॉक्टरांनी हो म्हटलं आणि दोघं मुंबईला निघाले. जहाजावर त्यांचा फोन लागत नव्हता. मग भीतीची पाळी माझी आली. वर्गात बसून मी वाऱ्याचा अंदाज बघत होतो. "काही होत नाही," असं वर्षाताई मला एकदाही म्हणाल्या नाहीत.

परतायच्या दिवशी संध्याकाळी कौसाबाईंचा फोन आला.

"बाबू, पाय गेला रे याचा!"

"जहाजावर पडले?"

"जहाजावर काय होते? तिथी तं पोरासारखा फिरला. मी रोज वर उभी राहून पाणी पाह्यलं, पोटभर. बल्लारपूर टेशन आलं, अन् ह्याले सगळ्यायले सांगाची घाई. गाडी पुरी थांबाच्या आधीच उतरला. पाय मुरगळला, पलस्तर हाय." मग मागून भाऊंचा आवाज आला. ते बाईंना काही सांगत होते.

"काय म्हणतात भाऊ?"

"म्हणते, समुद्राचं सारं सांगतलं त्या पोरानं, प्लॅटफॉर्मचं काऊन नाई सांगतलं?"