विलासच्या नावाचे दिवे: कोल्हापूर आणि पन्हाळा

माळ्यावरची जुनी पितळी भांडी मोडीत घालायची, असं आमच्याकडे दर दिवाळीला ठरतं. यंदा मी खरोखरच पोतं भरलं आणि फोनवर सहज शोभाला सांगून बसले. शोभा माझी डी.एड.ची मैत्रीण. कोल्हापूरच्या शाळेत तिने जन्मभर कार्यानुभव शिकवला, म्हणजे काड्यापेट्यांचं कपाट आणि फुटक्या बांगड्यांचं तोरण.

"मोडीत देतीस? डोकं फिरलंय काय तुझं? घेऊन ये हितं. दिवे करायला शिकवतो तुला."

(कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. दचकू नका.)

एक कळशी आणि एक तांब्या पिशवीत घालून मी नाशिकहून निघाले. जाणार असाल तर रात्रीची स्लीपर घ्या, पण झोपेची आशा धरू नका. सातारा ओलांडला की हायवेचं काम सुरू होतं आणि कोल्हापूर येईतो उसाच्या ट्रॉल्या वाट अडवतात. सकाळी स्टँडवर शोभा उभीच होती. आधी मिसळ. इथे मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच्या जाड स्लाइस देतात आणि कट मागाल तितका. डोळ्यांतून पाणी काढत मी दोनदा मागितला.

मग रिक्षाने मंगळवार पेठेत तिच्या खोलीवर गेलो. एक खोली, मोरी आतच. मी तिला विचारलं, "आणि फ्लॅट?"

"विलासला," ती म्हणाली.

विलास तिचा धाकटा भाऊ. शोभाने लग्न केलं नाही, आईला शेवटपर्यंत तिनेच सांभाळलं, फ्लॅटचे हप्तेही तिच्याच पगारातून गेले. आई गेल्यावर तिने सही करून हक्क सोडला. बहिणीने भावाशी भांडू नये, म्हणून. हे ऐकून माझं डोकं गरम झालं, पण अजून भांड्यांची गोष्ट ऐकायची होती.

खोलीभर पितळ होतं. घागरी, पातेली, डबे, तांबे. शोभा दर धनत्रयोदशीला पगारातून एक भांडं घ्यायची आणि आई बजावायची, 'घरच्या पुरुषाचं नाव घाल.' त्यामुळे प्रत्येकावर टिंबाटिंबांच्या अक्षरांत 'चि. विलास'. तो नोकरीला लागल्यावर 'श्री. विलास'. वाटणीच्या वेळी विलासने नावं वाचली आणि सगळी भांडी टेम्पोत घातली. ज्याचं नाव त्याचं भांडं. आता त्याने पन्हाळ्याच्या वाटेवर होमस्टे बांधलाय. तिथे सजावटीला जुन्या भांड्यांचे दिवे हवेत, म्हणून तीच भांडी त्याने ताईकडे परत पाठवली होती. करून द्यायला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबासुद्धा बिळाची डागडुजी उंदराकडून करून घेत नाही.

काम मात्र देखणं. भांड्यात ओली वाळू ठासून भरायची, म्हणजे पत्रा दबत नाही. मग बारीक ड्रिलने भोकं. शोभाने नक्षी शोधलीच नव्हती, नावाच्या टिंबांवरच भोकं पाडली होती. आत बल्ब लावला की भिंतीवर 'विलास' उमटायचं.

"असं का केलंस?" मी विचारलं.

"त्यालाच तसं पायजे होतं. लोकांनी नाव वाचावं म्हणतोय."

कोपऱ्यात एक कळशी तशीच होती, भोक न पाडलेली. शोभाने ती जवळ ओढली.

"ही पयल्या पगाराची हाय. एवढी एक तेवढी मागून घेणार हाय मी. बाकी सगळं लखलाभ त्याला."

दुसऱ्या दिवशी पन्हाळा. एस.टी. तासाभरात पोचते, पण आमच्याकडे दिव्यांची खोकी होती म्हणून रिक्षा-टेम्पो केला, तोही शोभाच्याच पैशाने. थंडी चांगलीच होती. आधी थेट गडावर जाऊन टपरीवर झुणका, भाकरी आणि मडक्यातलं दही घेतलं. तुम्हीही घ्या, पोटभर होतं आणि स्वस्तात होतं. तटावरून खाली ऊसच ऊस दिसतो. शोभाचं लक्ष नव्हतं. कळशी मांडीवर घेऊन ती जेवली.

मग खाली उतरून होमस्टेवर गेलो. विलास दारातच भेटला. मोठ्ठं हसू, मोठ्ठा आवाज. "या की पावणं! जेवल्याशिवाय सोडत न्हाय बघा!" माणूस वाईट वाटत नाही, हीच पंचाईत. वायरमनने दिवे टांगले, बटण दाबलं आणि चारी भिंतींवर विलास, विलास, विलास. तो लहान पोरासारखा टाळ्या वाजवायला लागला.

"कारागीर कुठला हो?" वायरमनने विचारलं.

"कारागीर कशाला? आमची ताई हाय की. घरचंच काम."

शोभाने तेवढ्यात कळशी पुढे केली. "विलास, ही मला ऱ्हाऊ दे. पयल्या पगाराची हाय."

"घे की! तुला कवा न्हाय म्हटलंय व्हय मी? पण दारावर मोठं भांडं पायजेच. उद्या उद्घाटन हाय. आत्ता दिवा करून लाव, सीझन झाला की घेऊन जा."

"भोकं पाडल्यावर पाणी कसं ऱ्हाईल रं तिच्यात?"

"पाणी कशाला भरतीस? तुझ्या खोलीत नळ हाय की." मग कळशी फिरवून तो म्हणाला, "आणि नावबी माझंच हाय, बघ."

मला राहवलं नाही. "नाव तुझं असेल, पगार हिचा होता."

तो हसला. "अवो पावणं, आमच्यात तुझं-माझं न्हाय." आणि आम्हा दोघींना पांढरा रस्सा वाढायला सांगितला. रस्सा उत्तम होता, याचाही मला राग आला.

शोभाने अंगणातली वाळू भरली. मी कळशी धरली आणि तिने वायरमनचं ड्रिल चालवलं. एकही भोक टिंबावरून हललं नाही. मला वाटत होतं, निदान एक तरी चुकावं.

तिसऱ्या दिवशी देवीचं दर्शन घेतलं आणि महाद्वार रोडवर मी हट्टाने तिच्यासाठी एक कळशी विकत घेतली. दुकानदाराने मशीन हातात घेऊन विचारलं, "नाव काय घालू?"

मी 'शोभा' म्हणायला तोंड उघडलं, त्याआधी तीच बोलली. "चि. अथर्व घाला."

अथर्व म्हणजे विलासचा मुलगा.

भर रस्त्यात मी तिच्यावर ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "मग कुणाचं घालू? माझ्या मागं ती कळशी जाणार कुठं? त्याच्याकडंच की. कोऱ्या भांड्याला मोडीत घालतील, मंगल. नाव असलं तर ठेवतील तरी."

रात्री ती मला बसवर पोचवायला आली. खिडकीतून तिने गुळाची ढेप आत दिली आणि पोचल्यावर फोन कर म्हणाली.

घरी आले ती माझी दोन भांडी तशीच घेऊन. दिवे करावेसे वाटलेच नाहीत. कोल्हापूरला जा, पन्हाळा बघा, मिसळ खा, सगळं सांगितलंय त्यात खोट नाही. माझ्यापाशी मात्र शोभाचं 'नाव असलं तर ठेवतील तरी' हे वाक्य राहिलंय आणि ते मला सोसत नाही. पोतं उपसून मी एकेक भांडं पाहिलं. सासऱ्यांचं नाव, ह्यांचं नाव, मुलाचं नाव. माझ्या ट्यूशनच्या पैशांतून घेतलेल्या कळशीवरसुद्धा ह्यांचंच. मग खिळा आणि हातोडी घेऊन बसले आणि त्याच्याखाली टिंबं मारत 'मंगल' लिहिलं. वाकडं आलं, एका जागी पत्रा चेपला, पण वाचता येतं.

आमचे हे चहा घेऊन आले, चष्मा सावरून बघत राहिले आणि म्हणाले, "चांगलं भांडं खराब केलंस."