गोजरबाईचं चालतंय

गोजरबाईला कुणी काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं. भाकरी शिळी आहे, दिली तर? "चालतंय." सून भांडून माहेरी गेली. "चालतंय." पाथर्डीकडच्या कोरड्या रानात तिने या एका शब्दावर जन्म काढला होता. तोच आपल्याला गोत्यात आणेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

नगरच्या एका मिशन दवाखान्यात तिच्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन झालं. पुढे तिथेच राहून पुन्हा चालायला शिकायचं ठरलं होतं. पण नवे डॉक्टर थॉमस दक्षिणेकडचे, मराठी पुस्तकातून शिकलेले. त्यांनी विचारलं, "आजी, चालतं का?" ते पायाचं विचारत होते. हिला वाटलं, एकूण बरं आहे ना, असं विचारतायत.

"चालतंय की."

डॉक्टर खूश झाले आणि तिला घरी न्यायला सांगून मोकळे झाले.

मुलगा, भिमाजी, न्यायला आला तो हबकलाच. दिवाळीनंतर सगळं घर ऊसतोडीला जाणार, मागे आई एकटी. तिला स्वतःच्या पायांनी माठापर्यंत जाता आलं नाही, तर ती तहानलेलीच "चालतंय" म्हणत बसेल.

तो डॉक्टरांकडे गेला. आईच्या बोलण्यावर जाऊ नका म्हणाला. मग त्या खोटं बोलतात का, डॉक्टरांनी विचारलं. आता आली पंचाईत. आईला खोटारडी म्हणवेना आणि घरी नेववेना. शेवटी त्याने डॉक्टरांनाच तिच्या खाटेपाशी आणलं.

"आये, म्हैस इकून टाकू का?"

"चालतंय."

"तुला आडात ढकलून दिऊ?"

"चालतंय. पर आडात पानी कुटंय?"

सिस्टर लिडिया हातातला ट्रे सावरत हसू लागली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी आजींना उभं राहायला सांगितलं. तिला तेही चालत होतं. पण खाटेची दांडी धरून ती अर्धी उठली आणि पाय लटपटला. लिडियाने सावरलं. डॉक्टर म्हणाले, "राहू द्या यांना इथेच."

निघताना भिमाजीने विचारलं, "ऱ्हाशील का एकली?" उत्तर तेच आलं. फक्त त्याची बाही तिने जरा उशिराने सोडली.

दिवाळीच्या तोंडावर तो पुन्हा आला, तेव्हा ती काठी टेकत व्हरांड्यातल्या माठापाशी पोचली होती. स्वतः पेला भरून पाणी पीत होती.

"काय आये, चालतंय का?"

तिने पेला सावकाश उपडा ठेवला.

"चालतंय न्हाई," ती म्हणाली. "चालती मी."