कारभाऱ्याची थैली

मल्हारी जन्मभर वाड्याचा कारभारी. वाडा म्हणजे दगडविटांचा नव्हे. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारी पाच-सात बिऱ्हाडं. परक्या माणसाशी बोलायचं ते कारभाऱ्यानं, बाकीच्यांनी मागं उभं राहायचं, ही रीत. सगळ्यांचे डागदागिने असोत की आधार कार्डं, तीही त्याच्याच थैलीत. ती थैली कधी हरवली नाही, याचा म्हाताऱ्याला भारी तोरा होता.

साथीत मेंढरं गेली आणि सगळी बिऱ्हाडं करमाडजवळ काकासाहेबांच्या शेडवर कामाला आली. शेंद्र्याच्या एका मोठ्या कंपनीला लागणाऱ्या रबरी वायसरांच्या कडा इथं कातरायच्या. काकासाहेब परके नव्हते. त्यांच्या शेतात मल्हारीची मेंढरं खतासाठी वर्षानुवर्षं बसलेली.

"मल्हारीबा, कागदं माझ्या कपाटात ऱ्हाऊ द्या. इथं गर्दीत हरवतील," ते म्हणाले. मल्हारीनं भरली थैली त्यांच्या हातावर ठेवली. ज्याच्या बांधावर बसून भाकर खाल्ली, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा! मग सगळ्यांचे मोबाईल जमा झाले. मग फाटकाला बाहेरून कुलूप लागलं. चोरांच्या भीतीनं, म्हणे. आत चोरण्यासारखं होतं तरी काय? माणसंच तेवढी होती.

अशात देवगाव रंगारीहून काकासाहेबांच्या फोनवर निरोप आला. मल्हारीच्या सुनेनं, रत्नमालेनं, आपली तान्ही पोर तिथं आपल्या आईपाशी ठेवली होती. पोर तापानं फणफणली होती.

"मामा, मला दोन दिस सोडायला सांगा की वं," रत्नमाला रडकुंडीला आली.

मल्हारीनं काकासाहेबांपुढं हात जोडले. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "उद्या कंपनीच्या मॅडम तपासणीला येणार हायेत. सगळं बरं हाय म्हणा. त्या गेल्या की तुमच्या सुनेला मीच गाडीवर नेऊन सोडतो."

दुसऱ्या दिवशी फाटक सताड उघडं! नवा माठ आला, कामगारांच्या हक्कांची रंगीत पाटीही लागली. अपेक्षा मॅडम वयानं लहान, पण बोलायला मायाळू. "तुम्हाला इथं कुणी अडवून ठेवतं का?" त्यांनी विचारलं. सगळ्या माना मल्हारीकडं वळल्या.

"नाय जी. लई बरं हाय."

मॅडम रत्नमालेकडं वळल्या. "ताई, तुम्ही सांगा."

रत्नमालेचे ओठ हलले. मल्हारीनं जिभेनं टाळूवर हळूच टकटक केलं. मेंढरं बिचकली की जागच्या जागी थांबवायला तो हाच आवाज काढायचा. सुनेनं मान खाली घातली. मॅडम गेल्या.

संध्याकाळी कुलूप परत आलं. "एवढी ऑर्डर निघू द्या," काकासाहेब म्हणाले. मल्हारी रोज विचारत राहिला आणि त्यांचं गोड बोलणं रोज थोडं आटत गेलं. शेवटी ते खेकसले, "कार्डं माझ्याकडं हायेत. कुठं जाशील रे?"

केसानं गळा कापला होता. आणि मान पुढं केली होती ती मल्हारीनंच, सगळ्यांची.

त्या वळलेल्या माना अपेक्षा मॅडमच्या डोक्यातून जात नव्हत्या. काही आठवड्यांनी त्या न सांगता आल्या. "बाबा, तुम्ही आज त्या लिंबाखाली बसा. मी एकेकाशी वेगळं बोलणार आहे."

मल्हारी लांब जाऊन बसला. तिथून त्याला रत्नमालेचे हात दिसत होते. ती बोलत होती, थांबतच नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि छातीवरचं ओझंही उतरलं.

त्याच दुपारी मॅडमनी बोलावलेल्या पोलिसांनी कपाट उघडायला लावलं. मोबाईल हातात येताच रत्नमालेनं आईला फोन लावला. पोरीला माती देऊन आठवडा उलटला होता. तसा निरोपही आला होता, काकासाहेबांकडं. त्यांनी तो आत पोचू दिला नाही.

कार्डं वाटून झाली. सगळे आपापलं कार्ड कनवटीला लावत होते. मल्हारीची रिकामी थैली परत मिळाली होती. जन्माची सवय, त्यानं थैलीचं तोंड उघडून सुनेपुढं धरलं.

"दे इकडं. वाटेत हरवंल."

रत्नमालेनं कार्ड मुठीत आवळलं. "हरवू द्या, मामा. तुमच्या हवाली केलेलं माघारी येतं का, ते बघितलं म्या."

ती फाटकाबाहेर पडली. मल्हारी थैली तशीच उघडी धरून उभा होता.