पोस्ट बदलली, भो!

अर्धा कप चहा पाजायचा अन् म्हणायचं, "आबा, ते मशीनचं सांगा ना!" मी काय टेपरेकॉर्डर आहे? पण किस्से साचतातच. लेथखाली लोखंडाचा कीस साचतो ना, तसे. झाडायला कुणी येत नाही, पाय मात्र माझाच कापतो.

मी सातवी नापास. जळगावच्या एमआयडीसीत ठिबकच्या जोडण्यांचे साचे करायचो. नव्वद सालानंतर शेठनं जुनं सीएनसी मशीन आणलं, कॉम्प्युटरच्या हुकमानं लोखंड कापणारं. आत छत्रीसारखं गोल चक्र, कापायची टूलं लटकवायला. कॉम्प्युटरवर बसला प्रकाश, डिप्लोमावाला.

*

पहिल्याच दिवशी प्रकाश शेठला म्हणाला, "टूल बदलायचं तर आधी पोस्ट निवडावी लागेल. लिस्टमध्ये ढीगभर आहेत."

पोस्ट! लिस्ट! मी लगेच भडगावला शालकाला निरोप धाडला. दुसऱ्या सकाळी गडी दाखले घेऊन, नवा शर्ट घालून दारात हजर!

प्रकाशनं कपाळ धरलं. "आबा, पोस्ट म्हणजे नोकरी नाही हो. दुभाषी! कॉम्प्युटरचं म्हणणं मशीनच्या बोलीत सांगणारा."

शालक म्हणाला, "मंग मालेच ल्या ना! मी अहिराणी, मराठी, हिंदी, बठ्ठं बोलस!"

*

पहिली पोस्ट लावली. मशीननं लाल दिवा लावला अन् गप्प.

प्रकाश म्हणाला, "आबा, ही लेथची पोस्ट लागली."

"मग लेथला नेऊन दे की! आमचं टपाल कशाला फोडतो?"

*

दुसरी पोस्ट चालली. फक्त टूल बदलायची वेळ आली की मशीन थांबायचं अन् पिवळा दिवा लागायचा. मी दार उघडायचो, हातानं टूल काढायचो, दुसरं लावायचो, हिरवं बटण दाबायचो. छत्री जागची हलायची नाही. मला वाटलं, शोभेची असेल.

गल्लीभर सांगत सुटलो, "कॉम्प्युटर असो नाही तर त्याचा बाप, माझ्या हाताशिवाय टूल बदलत नाही!" शिरपूरला लग्नाला गेलो, तर मशीन तसंच उभं, पिवळा दिवा लावून.

बायको म्हणाली, "चला, त्याला तरी तुमची किंमत आहे."

छत्रीचा मी एक उपयोग काढला. जेवणाच्या डब्याची थैली तिथं एका रिकाम्या खाचेला बांधायचो. उंदीर पोचत नव्हते.

*

मग शेठ म्हणाला, "उद्या भुसावळहून साहेब येतोय मशीन बघायला. पसंत पडलं तर वर्षभराचं काम. नाही तर मशीन धुळ्याच्या व्यापाऱ्याला देतो, अन् तुम्ही परत जुन्या लेथवर, आबा!"

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी बघतो तर सगळी टूलं छत्रीत टांगलेली. वाटलं, साहेबासाठी सजावट केली. मीही थैली एका टूलच्या गळ्याला बांधली.

प्रकाश मागून ओरडला, "आबा, पोस्ट बदलली, भो!"

"कुणाची? माझी तर नाही ना?"

तो नुसता हसला. माणसानं हसू नये. सांगावं!

साहेब काचेला नाक लावून उभा. पहिलं टूल काम करून वर गेलं. आता दिवा लागणार म्हणून मी ऐटीत दाराच्या मुठीला हात घातला. दिवा लागलाच नाही. छत्री सरकली! फिरली! नवी पोस्ट तिची बोली बोलत होती! एक टूल ठेवलं, दुसरं दिलं. थैलीसकट!

"अरे थांबव, माझं जेवण!"

शेठ दात खाऊन म्हणाला, "आबा, साहेब आहेत. भुकेला जरा आवरा!"

तेवढ्यात टूल गरगरलं. डबा फुटला. एरवी काचेवर टूल गार करणारं दुधासारखं कूलंट उडतं, त्या दिवशी वांग्याचं भरीत उडालं. कांद्याच्या पातीसकट! प्रकाशनं लाल बटण दाबलं.

साहेबानं दार उघडलं. काचेवरून बोट फिरवलं. वास घेतला.

"शेठ, टूल तर बरोब्बर बदललं. पण हे कूलंट कुठून मागवता?"

मशीन राहिलं, मीही राहिलो. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी काच पुसत होतो, उपाशी.

अन् ज्यानं हे केलं त्याची माफी अजून यायची आहे. पोस्टानं तरी पाठव रे, प्रकाश!